पानशेतचा पूर : एका साक्षीचा शोध

गेल्या हिवाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका शाळेनें नववीच्या विद्यार्थ्यांची एक दिवसाची इतिहास-सहल आंखण्याचें काम आमच्याकडे सोंपविलें. गडकोटांच्या सहली मुलें दरसाल करितात. या खेपेस कांहीं निराळें असावें अशी शिक्षकांची इच्छा होती. मुलांना मुठेच्या कांठानें न्यावें व ज्या पुरानें पुणें शहराचें रूप पालटलें त्या पुराच्या वाटेनें त्यांस चालवावें, असें आम्हीं सुचविलें. सूचना तत्काळ मान्य झाली. मात्र शिक्षकांनीं एक अट घातली. त्या दिवशींचें पाणी स्वतः पाहिलेलें एक माणूस मुलांपुढें उभें केलें पाहिजे. अट आम्हांस सोपी वाटली. पुराला साठांहून अधिक वर्षें लोटलीं असलीं तरी त्या वेळचीं मुलें आज सत्तरी-पंचाहत्तरींत आहेत, आणि ज्याला पानशेतविषयीं बोलावयाचें नाहीं असा म्हातारा पुण्याच्या पेठांत क्वचितच मिळेल. सारी अडचण त्या बोलण्याचीच होती, हें आम्हांस पुढें कळलें.

प्रसंग बहुतेकांस ठाऊक आहे; तथापि ज्या वाचकांचा पुण्याशीं संबंध नाहीं त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. मुठेच्या खोऱ्यांतील आंबी नदीवर पानशेत येथें मातीचें धरण बांधिलें जात होतें. १९६१ च्या पावसाळ्यांत त्यांत प्रथमच पाणी सांठविण्यांत आलें. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचें काम अपुरें होतें. तिच्यावरचा भराव खचूं लागला आणि पाणी माथ्याकडे चढत चाललें. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून तें थोपवून धरिलें. बुधवार तारीख १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं धरण फुटलें. खालच्या अंगास खडकवासल्याची दगडी भिंत सुमारें ऐंशी वर्षें उभी होती. माथ्यावरून वाहणारें पाणी तिनें कांहीं तास सोशिलें व अखेर तीही गेली. लकडी पूल व नवा पूल पाण्याखालीं गेले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार व मंगळवार पेठांचे नदीकडील भाग, डेक्कन जिमखाना, शिवाजीनगर या सर्व ठिकाणीं पाणी शिरलें. हजारों कुटुंबें उघड्यावर आलीं. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहतींचा इतिहास तेथून सुरू होतो. चौकशीचें काम प्रथम न्यायमूर्ति बावडेकर व पुढें न्यायमूर्ति नाईक यांजकडे आलें. दोन्ही धरणें पुन्हां बांधलीं गेलीं. मृतांच्या संख्येविषयीं जे आंकडे सांगितले जातात ते परस्परांशीं जुळत नाहींत, म्हणून ते येथें देत नाहीं.

आतां, कागदपत्रें असतां साक्षीदार कशाला, असा प्रश्न आमच्यासारख्या दप्तरांत रमणाऱ्या माणसांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून महाराष्ट्रांतील संशोधक अस्सल पत्राला बखरीच्या वर बसवीत आले आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु पानिपतचाच दाखला घ्या. काशिराजानें शुजाउद्दौल्याच्या छावणींत राहून तें युद्ध पाहिलें व सुमारें वीस वर्षांनीं आपला वृत्तान्त फारशींत लिहिला. नाना फडणीस त्या दिवशीं रणांगणावर होता व तेथून जीव घेऊन निसटला. त्याचें त्रोटक आत्मचरित्र आपण वाचतों. हे दोघेही प्रत्यक्षदर्शी. पण तुम्ही नेमके कोठें उभे होतां, हें स्वतः पाहिलें कीं संध्याकाळीं कोणी सांगितलें, या प्रश्नांचीं उत्तरें आतां त्यांच्याकडून मिळणें नाहीं. जिवंत साक्षीदाराला तीं विचारतां येतात. पुराच्या बाबतींत ही सोय आणखी फार वर्षें राहणार नाहीं.

आम्हीं शोधास आरंभ केला तो एका जुन्या शाळेपासून. १९६१ सालीं नदीकांठच्या पेठांतून कोण मुलें शाळेंत येत होतीं याची नोंदवही मिळाली तर नांवें व पत्ते हातीं येतील असा आमचा हिशेब. कचेरींतील गृहस्थांनीं शांतपणें सांगितलें कीं, ती वही पुरांतच गेली. यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

मग ओळखीपाळखीनें माणसें मिळूं लागलीं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत आम्हीं नऊ जणांच्या गांठी घेतल्या. पहिले गृहस्थ अतिशय रसाळ बोलणारे निघाले. पाण्याची ताडमाड भिंत कशी आली, तिच्यावर गवताची गंजी व तींत बसलेला कुत्रा कसा वाहत गेला, हें त्यांनीं असें वर्णन केलें कीं आम्ही लिहितां लिहितां थांबलों. शेवटीं सहज विचारलें, "आपण त्या वेळीं कोठें उभे होतां?" गृहस्थ किंचित् अडखळून म्हणाले, "मी? माझा जन्म त्रेसष्टचा. हें सगळं थोरल्या भावानं पाहिलेलं." त्यांनीं आम्हांस फसविलें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या घरांत ती हकीकत इतक्या वेळां सांगितली गेली होती कीं ती कोणाची हा भेदच उरला नव्हता. दुसरे एक गृहस्थ खरोखर त्या वेळीं दहा वर्षांचे होते; परंतु पुराच्या प्रत्येक स्मरणदिनीं वर्तमानपत्रांत जें छापून येतें तें ते इतकें मनःपूर्वक वाचीत आले होते कीं त्यांच्या तोंडून आम्हांस तींच वाक्यें, त्याच क्रमानें ऐकूं आलीं. तिसऱ्यांचें कुटुंब त्या आठवड्यांत कोंकणांत होतें. एका वृद्ध गृहस्थांनीं दार उघडलें, आमचा विषय ऐकला, आणि "त्या दिवसाविषयीं मी बोलत नाहीं" एवढेंच म्हणून आम्हांस चहा दिला. घरांत भिंतीवर एका लहान मुलाची जुनी तसबीर होती. आम्हीं पुन्हां विषय काढला नाहीं, व त्यांच्याकडे फिरून गेलों नाहीं.

या शोधांत उपयोग झाला तो एका पुस्तकें बांधणाऱ्या कारागिराचा. त्यांच्या वडिलांनीं पुरानंतर कित्येक महिने भिजलेल्या पोथ्या, हिशेबाच्या वह्या व पुस्तकें वाळवून बांधून दिलीं होतीं. ते म्हणाले, "एक आजी दोन वर्षांपूर्वीं ज्ञानेश्वरी बांधायला घेऊन आल्या होत्या. खालचा अर्धा भाग गाळानं पिवळा झालेला. मी म्हटलं, कडा कापून देतो, स्वच्छ दिसेल. त्या म्हणाल्या, डाग राहूं दे." पत्ता सहकारनगरचा होता.

बाईंनीं आम्हांस बसवून घेतलें, पण प्रथमच स्पष्ट केलें, "मला फार कांहीं माहीत नाहीं. मी जिन्यांत होते." सहावींत शिकणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीनें पूर जिन्यांतून पाहिला, हें ऐकून खरें सांगावयाचें तर आमची निराशाच झाली. गच्चीवर, पुलावर, निदान खिडकींत उभा असलेला साक्षीदार आम्हांस हवा होता. त्यांत भर म्हणून बाई सांगूं लागल्या कीं, पाणी चढलें तेव्हां अंधार होता व त्यांच्या हातांत कंदील होता. आम्ही चपापलों. पाणी शहरांत शिरलें तें दिवसा, याविषयीं कोणताही वाद नाहीं. अंधार व कंदील हा रात्रीचा देखावा. साठ वर्षांत स्मृतीनें दिवसाची रात्र केली असावी असा तर्क करून आम्हीं वहींत "काळाविषयीं भ्रम" असा शेरा लिहिला व नमस्कार करून निघालों.

हा शेरा आमच्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनांतल्या उतावळ्या शेऱ्यांपैकीं एक होय. तीन-चार दिवसांनीं नारायण पेठेंतील एका जुन्या वाड्यांत निराळ्याच कामासाठीं जाणें झालें. ओटीवरून माडीवर जातांना ज्या जिन्यानें चढलों तो, पुण्याच्या जुन्या वाड्यांत असतो तसा, भिंतीच्या पोटांतला. दोन्ही बाजूंस भिंत, वर झांकण्याचें दार, उजेडाला एक झरोकाही नाहीं. भर दुपारीं पायरी चांचपून पाय टाकावा लागला. मधल्या पायरीवर आम्ही थांबलों व आपल्याच शेऱ्याची आठवण होऊन मनांत ओशाळलों. त्याच संध्याकाळीं पुन्हां सहकारनगरला गेलों आणि विचारावयास हवें होतें तें आतां विचारलें, "जिना कसा होता?"

"भिंतींतला. दिवसासुद्धां कंदील लागायचा," बाई म्हणाल्या, आणि तुम्हांला हें ठाऊक नव्हतें काय अशा नजरेनें पाहूं लागल्या.

यानंतर त्यांनीं जी हकीकत सांगितली तिचा सारांश असा. वडील कामावर गेले होते. पाणी प्रथम दारानें आलें नाहीं. मागल्या मोरींतून वर आलें व न्हाणीघर भरलें. आईनें धाकट्या भावाला काखेंत घेतलें, पोथी व दागिन्यांचा डबा उचलला व सर्वांना माडीवर धाडलें. बोळांत तोंवर कमरेइतकें पाणी झालें होतें, म्हणून बाहेर पडणें शक्य नव्हतें. वाड्यांतले भाडेकरूही माडीवर जमले. लहानमोठीं मिळून वीस-बावीस माणसें असावींत. पोथी खालच्या पायरीवर राहिली, ती पुढें चिखलांत सांपडली. पाणी माडीपर्यंत येतें कीं काय हें कोणाला कळेना, आणि बायका सारख्या जिन्याशीं येऊन डोकावूं लागल्या. तेव्हां आईनें या मुलीच्या हातांत कंदील दिला, वरून तिसऱ्या पायरीवर बसविलें आणि सांगितलें, "किती पायऱ्या बुडाल्या तें मोज आणि मला ओरडून सांग." जिन्याला पायऱ्या तेरा. मुलगी मोजीत बसली.

"आठ बुडाल्या तिथं पाणी बराच वेळ थांबलं. मग नववी गेली. दहावी ओली झाली, पण बुडाली नाहीं."

ऐतिहासिक साक्षींत अशी वाक्यें फार थोडीं मिळतात. येथें विशेषण नाहीं, उपमा नाहीं. एका लहान मुलीला नेमून दिलेलें काम आणि त्या कामाचा हिशेब आहे. ज्या जिन्याला आम्हीं कमी लेखिलें होतें तोच या साक्षीचा आधार निघाला. गच्चीवरच्या माणसानें पाणी पाहिलें असेल. हिनें तें मोजलें.

मोह मात्र येथेंच उत्पन्न होतो, व तो आम्हांसही झाला. "आठ बुडाल्या तिथं पाणी थांबलं" हे शब्द कानीं पडतांच आमची पेन्सिल समासांत गेली व तेथें "खडकवासला?" असें लिहून मोकळी झाली. आठवी पायरी ते नववी पायरी हा खंड म्हणजे पानशेतचें पाणी माथ्यावरून वाहूं लागणें आणि खडकवासल्याची भिंत फुटणें यांमधला काळ तर नव्हे? तसें ठरलें असतें तर शहरांतील पाण्याच्या चढउताराला एक नवा पुरावा मिळाला असता, आणि या त्रैमासिकांत एक बरा लेखही झाला असता. आम्हीं विचारलें, "मध्यें किती वेळ गेला असेल? तास? दीड तास?" असें आंकडे आपणच पुढें करणें हा साक्ष घेण्यांतला मोठा दोष आहे हें ठाऊक असून विचारलें. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घड्याळ नव्हतं हो. मधे आईनं दोनदां हांक मारली, एवढं आठवतं." आम्हीं फिरून छेडून पाहिलें, उत्तर तेंच. दोन हांकांमध्यें किती वेळ जातो हें कोणत्याही कोष्टकांत दिलेलें नाहीं. समासांतलें तें प्रश्नचिन्ह आम्हीं खोडलें नाहीं, पण त्यापुढें जाण्यासही आम्हांस आधार नाहीं. दुसऱ्या एखाद्या वाड्यांतल्या जिन्यावर किंवा भिंतीवर कोणी असेंच मोजीत बसलें असेल तर तें माणूस आज हयात असेतों त्याचा शोध लागावा, अशी आमची इच्छा आहे.

सहलीचा दिवस माघांतला होता. खडकवासल्याच्या धरणावर मुलें उतरलीं तेव्हां ऊन कोंवळें होतें व पाणी अगदीं सभ्यपणें पसरलेलें होतें. फुटलेली भिंत कोणती व मागाहून बांधलेली कोणती हें दाखवितां दाखवितां आम्हांस पुरेवाट झाली. तेथून विठ्ठलवाडी, तेथून डेक्कनजवळ नदीच्या पात्रांत. भिड्यांच्या पुलावर एक मुलगा म्हणाला कीं हा पूल दर पावसाळ्यांत बुडतो, त्यालाच पूर म्हणतात. त्याचें खरें होतें. धरणांतून पाणी सोडलें कीं हा सखल पूल झांकला जातो व लोक वरच्या पुलांवरून तें पाहण्यास गर्दी करितात. पूर म्हणजे पाहण्याची वस्तु अशीच आजच्या मुलांची कल्पना आहे, व ती त्यांना कोणीं शिकविली हें सांगणें नको. आम्हीं त्याला मान वर करून लकडी पुलाकडे पाहावयास सांगितलें व त्या पुलावरून पाणी गेलें एवढेंच बोललों. त्यानें दोन्ही पुलांमधली उंची डोळ्यांनीं मोजली आणि त्यापुढें ओंकारेश्वरापर्यंत तो फारसें बोलला नाहीं.

बाईंनीं यावयाचें कबूल केलें होतें, पण पुलावर नाहीं व नदीवरही नाहीं. जेथें वाडा होता तेथेंच. वाडा आतां नाहीं. त्या जागीं चार मजल्यांची इमारत आहे व खालीं मोटारी उभ्या असतात. मुलांची पहिली निराशा येथें झाली, कारण दाखविण्यासारखें कांहींच नव्हतें. तेव्हां शेजारच्या जुन्या वाड्याच्या मालकांनीं आपला जिना उघडून दिला. चौघे-चौघे करून मुलें आंत गेलीं. दार लावून घेतलें. बाई वरच्या पायऱ्यांवर बसल्या व आपण कशा बसलों होतों तें त्यांनीं दाखविलें. मुलांनीं पायऱ्यांची उंची फूटपट्टीनें मोजली. कोणती आठ इंच भरली, कोणती दहा. यावरून नऊ पायऱ्या म्हणजे जमिनीवर सहा ते साडेसात फूट पाणी, व जोत्याची उंची निराळी, असा हिशेब त्यांनीं केला. मूळचा जिना हा नव्हे, शेजारचा आहे, म्हणून हा आंकडा अदमासाचाच समजावा असें आम्हीं बजाविलें. मुलांना तें आवडलें नाहीं. त्यांना एकच आंकडा हवा होता.

प्रश्न विचारण्यास त्यांना दोन दिवस आधीं शिकविलें होतें, तरी पहिलाच प्रश्न "तुम्ही किती मृत माणसें पाहिलींत?" असा आला. शिक्षक गोरेमोरे झाले. बाई म्हणाल्या, "एकही नाहीं, बाळा. एक गाय पाहिली, दुसऱ्या दिवशीं, बोळाच्या तोंडाशीं. माणसं गेलीं हें ऐकलं. पाहिलं नाहीं." दुसऱ्यानें विचारलें कीं पुन्हां पाणी आल्याची अफवा उठली व लोक पर्वतीकडे धांवले हें खरें काय. बाई म्हणाल्या, "आमच्या बोळांतनं लोक पळतांना मी पाहिलं. आम्हीसुद्धां पळालों. कुठं चाललों तें मला माहीत नव्हतं, आईचा पदर धरला होता." एका मुलीनें विचारलें, "आजी, तुम्हांला भीति वाटली का?"

"मोजत होते तोंवर नाहीं. खालीं उतरल्यावर वाटली. स्वयंपाकघरांत चूलच सांपडेना."

सहलीनंतर मुलांनीं बाईंची साक्ष एका वहींत लिहून काढली. ती त्यांना वाचून दाखवावी, त्यांनीं सुधारावी व मगच तिच्यावर सही घ्यावी असा आम्हीं नियम केला होता. लिहिणाऱ्या मुलानें आरंभींच "आणि मग पाण्याची प्रचंड भिंत पेठेंत शिरली" असें वाक्य घातलें होतें. बाईंनीं चष्मा लावला, लेखणी मागितली व "प्रचंड भिंत" यावर सरळ रेघ मारली. वर बारीक अक्षरांत लिहिलें : "मोरींतून आलें". पुढें एके ठिकाणीं "रात्रीच्या अंधारांत" असें होतें; तेथें "रात्रीच्या" खोडून "जिन्याच्या" असें केलें. मग पायऱ्यांचे आंकडे एकेक करून बोटानें तपासले, नवव्या व दहाव्या पायरीचें वाक्य दोनदां वाचलें, आणि खालीं सही करून तारीख घातली.